एकोणिसावं नाव

सुंदर, आज अकरा दिवस झाले. लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत आणि मला ते ऐकवत नाही. कुणी म्हणतं, कुणाला त्रास न देता गेला. कुणी म्हणतं, शेवटपर्यंत हसतमुख होता. ऑफिसात तुझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर तुझा फोटो लावलाय आणि रोज सकाळी कोणीतरी त्याला मिश्र फुलांची ताजी कदंबमाळ घालतं. फोटोत तू हसतोयस, वाद हरत आलास की हसायचास तसं. मी त्या फोटोकडे पाठ करून बसते.

मला भांडायचंय तुझ्याशी. तू गेलास म्हणून भांडण मिटलं असं काही नाही. आणि हे मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय, कारण ही अक्षरं तुला वाचता यायची नाहीत. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून मी तंजावूरला परत आले तेव्हा तुला म्हटलं होतं, चल, शिकवते. तू म्हणालास, "कशाला गे अंबू? तमिळ अक्षरांत लिहिलं तरी मराठीच नव्हे कां ते?" आपल्या राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत सगळे तसंच लिहितात, वाण्याच्या यादीपासून लेकीला लिहिलेल्या चिठ्ठीपर्यंत. मग मीही हट्ट सोडला. आपल्या दोघांच्या कामातल्या खुणा, टिपा, एकमेकांना काढलेले चिमटे, सगळं तमिळ अक्षरांतल्या मराठीत. ऑफिसातल्या बाकीच्यांना अक्षरं वाचता यायची पण भाषा कळायची नाही, आणि ती मजा तुला कधी पुरी पडायची नाही. तुझं लिहिलेलं सगळं मला वाचता येतं, अशा गुर्मीत मी होते.

काम काय होतं ते तुला सांगायला नको. तरी मी पुन्हा मांडून बघतेय, कुठं काय झालं ते माझं मलाच कळावं म्हणून. आपली संस्था छोटी. तंजावूर, तिरुवैयारु आणि आजूबाजूच्या गावांत किडनीच्या तपासणीची शिबिरं घ्यायची, ज्याचं रक्त वाईट निघेल त्याच्या घरी नर्स पाठवायची आणि त्याला उपचाराला लावायचं. त्या नर्सांसाठी आपण फोनवर उघडणारे तीन रिपोर्ट बनवले. पहिल्या पानावर नकाशा, कुठल्या भागात किती लोकांचं रक्त वाईट आहे त्याचा. भागावर बोट ठेवलं की दुसरं पान, त्या भागातल्या त्या लोकांच्या नावांचं. नावावर बोट ठेवलं की तिसरं पान उघडायचं, त्या एका माणसाचं सगळं दाखवणारं. त्याच्या तपासण्या, त्याची औषधं, घरच्यांपैकी किंवा ओळखीतल्या कोणाला कळवायचं, आणि कळवलं का. पहिली दोन पानं आणि त्यांच्यातली लिंक तुझी. तिसरं पान माझं.

लिंक म्हणजे नुसतं एका पानावरून दुसऱ्यावर जाणं नव्हे, हे तू मला शिकवलंस. पहिल्या पानावर जे निवडलं ते बरोबर घेऊन पुढचं पान उघडलं पाहिजे. आपली नर्स सेल्वी उन्हातून स्कूटी चालवत येते, उतरते तेव्हा एका हातात रक्तदाबाचं यंत्र, दुसऱ्यात फोन. तिनं गल्ली निवडल्यावर दुसऱ्या पानानं तिला परत 'कुठली गल्ली' म्हणून विचारणं तुला उद्धटपणाचं वाटायचं. शेजारी वाटी पाठवली तर आत काय आहे ते वाटीबरोबरच कळलं पाहिजे, म्हणायचास. एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही, हा तुझा नियम होता. किती वेळा ऐकलाय मी तो.

आणि आपलं ते जुनं भांडण. निवडलेली गोष्ट वाटेत कुठं गळाली, पुढच्या पानापर्यंत पोचलीच नाही, तर त्या पानानं काय दाखवायचं? मी म्हणायचे, काहीच दाखवू नको. सरळ लिही की निवड पोचली नाही, परत जा. तुला ते सहन व्हायचं नाही. "रिकामं पान पाहून त्या पोरी भितील गे. अस्कं दाखव. त्यांतून शोधून घेतील." अस्कं म्हणजे सगळं, सगळ्या गावांची सगळी नावं. मी म्हणायचे, न मागता सगळं दाखवणं हेसुद्धा खोटंच दाखवणं आहे. दोन महिने आपण त्यावरून भांडलो, डब्यातला दहीभात संपेपर्यंत आणि संपल्यावरही. शेवटी साहेबांनी तुझी बाजू घेतली आणि तू मला आठवडाभर चिडवलंस, पुण्याची बाई हरली म्हणून.

रिकामं पान न सोसणारा तू, सुंदर. स्वतःपुरती एक ओळ तू कशी रिकामी केलीस, ते मला परवा दिसलं.

पण आधी मधलं सांगते. मागच्या पंगुनीत, मार्चअखेरीस, आपल्याच गल्लीत शिबिर होतं. लोक सुईला घाबरत होते म्हणून तू सगळ्यांसमोर पहिला हात पुढं केलास. "बघा, मुंगी चावली तेवढंच!" टाळ्याही वाजल्या. तुझा क्रमांक चारशे सतरा, मला तो आता झोपेतही आठवतो. तीन दिवसांनी रिपोर्ट आले, ज्याची त्याला चिठ्ठी मिळाली. तुला विचारलं तर म्हणालास, "मज काय होतंय?" आणि मी पुढच्या कामाला लागले.

वैकाशीत, मेअखेरीस कधीतरी, मला दिसलं की पहिल्या पानावर आपल्या भागाचा आकडा एकोणीस आहे आणि दुसऱ्या पानावर नावं अठरा. तुला विचारलं. तू म्हणालास, नाव दोनदा आलं असेल, डुप्लिकेट. मला ते पटलं. का नाही पटणार? आपल्याकडे आजोबांचं नाव थोरल्या नातवाला. दोन भावांच्या घरी थोरले मुलगे झाले तर दोघांना तेच नाव, आणि आडनावाच्या जागी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर. तुझे वडील आर, तुझे काकाही आर. एका गल्लीत आर. सुंदरराव तीन. पोस्टमनसुद्धा दारात उभा राहून 'कुठला सुंदर?' विचारतो. मी टिपणवहीत लिहिलं, 'एक नाव दुहेरी, दुर्लक्ष करावे.' खाली सही केली, तारीख घातली. फार नीटनेटकी आहे ना मी.

नंतरचे आठ महिने आता मागं वळून बघते आणि माझंच डोकं फिरतं. तू लोणचं सोडलंस. माझ्याकडची दही-उडदाची डांगर पच्चडी, जिच्यासाठी तू लहानपणी आमच्या मागच्या दारानं यायचास, ती ताटात तशीच ठेवलीस. मी रागावले. तू म्हणालास, पोट बिघडलंय. तुझे पाय सुजायला लागले तेव्हा म्हणालास नवी चप्पल चावते, आणि मी तुला चपलांच्या दुकानावर एक भाषण दिलं. इतके महिने रोज आठ तास शेजारी बसून मी लोकांच्या क्रिएटिनिनचे आकडे बघत होते, सुंदर. सुजलेले पाय म्हणजे काय ते मी नर्सांना शिकवते. तुझ्या पायांकडे बघून मला चप्पल सुचली. यातला माझा भाग मी घेते. पण तू हसत होतास, मी चपलांबद्दल बोलत असताना तू हसत होतास. तो राग काही केल्या जात नाही.

आवणीत, ऑगस्टअखेरीस, तुझ्या कल्याणीचं लग्न झालं. पंगतीत तू स्वतः वाढलंस, कोइमतुरच्या व्याह्यांना आग्रह करकरून. तुझा चेहरा उतरलेला होता, मला वाटलं लेक जाते म्हणून. दिवाळीत जावयाची पहिली दिवाळी. पोंगलला लेकीकडे ऊस आणि हळदीची रोपं घेऊन गेलास. परत आलास आणि आठवड्यात गेलास. इस्पितळात डॉक्टरांनी विमला वहिनीला विचारलं की यांना किडनीचं किती दिवसांपासून माहीत होतं. वहिनीला प्रश्नच कळला नाही. मग घरी तुझ्या कपाटात, धोतरांच्या घडीखाली, आपल्या शिबिराची चिठ्ठी निघाली. संस्थेचा शिक्का असलेली.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसली होती. तिनं मला बस म्हटलं नाही. म्हणाली, "अंबू, तुज ठाऊक होतं."

"नाही वहिनी. देवाशपथ नाही."

"तुमी दोघंच करत होतां ते अस्कं. तुज न कळतां कसं होईल? मी काय वाचायची नाही, मज समजायचं नाही, म्हणून मज नाही सांगटलं. तुज सांगटलं असेल."

"मला सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते का?"

"बसली असतीस," ती म्हणाली. "त्यानं सांगटलं असतं तर बसली असतीस. तुमचं ते नेहमीचंच आहे." आणि आत निघून गेली. बावीस वर्षांत त्या घरातून मी कॉफी न पिता कधी निघाले नव्हते. तू जाता जाता माझं तेही घर घेऊन गेलास.

त्या रागात मी परवा ऑफिसात बसले. मला दाखवायचं होतं की मला काही माहीत नव्हतं. पहिलं पान उघडलं, आपल्या भागावर बोट ठेवलं, एकोणीस. दुसरं पान, अठरा. तीन सुंदररावांपैकी शिबिराला आलेले दोन, तू आणि तुझा चुलत भाऊ. चुलत भावाचं रक्त चांगलं निघालं होतं, म्हणजे तो या यादीत नव्हताच. नाव दोनदा येण्याचा प्रश्न नव्हता. एक माणूस गळत होता. मग मी तुझी लिंक उघडून आत बघितलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. लिंक गल्लीचं नाव पुढं पाठवत होती, जसं पाठवायला हवं तसं. आणि त्याच्याबरोबर, कुणाला दिसू नये अशा बेतानं, आणखी एक अट पाठवत होती. चारशे सतरा सोडून.

तू स्वतःला यादीतून काढलंस. नर्सनं गल्ली निवडावी आणि गल्ली तिला तुझ्याशिवाय मिळावी, असं तू करून ठेवलंस. चूक नाही, घाई नाही. इतकं स्वच्छ काम होतं की एरवी मी तुला शाबासकी दिली असती.

अटीशेजारी तुझी टीप होती, तमिळ अक्षरांत, आपल्या मराठीत. 'आवणीत लग्न होईतों. मग काढणें.' जुने बदल उघडून बघितले तर आवणीनंतर तू ती टीप बदललीस. 'दिवाळी होईतों.' दिवाळीनंतर पुन्हा. 'पोंगल होईतों.' तीन वेळा तू ती फाइल उघडलीस, सुंदर. तीन वेळा तुझं बोट त्या ओळीवर होतं आणि तीन वेळा तू मुदत लिहून फाइल बंद केलीस. शेजारच्या टेबलावर मी होते. कदाचित कॉफी हवी का म्हणून विचारतही असेन.

का केलंस ते मला कळतं, आणि कळतं म्हणूनच जास्त चीड येते. तुझे वडील किडनीनं गेले. आपली माणसं मूठभर, एका घरात शिंक आली की चार गल्ल्यांत कळतं. बापालाही तेच आहे असं कोइमतुरला कळलं असतं तर म्हणाले असते, घराण्यातच आहे, पोरीला उद्या काय होईल. सेल्वी राहते तुझ्या घरासमोर. ती हातात यंत्र घेऊन तुझ्या ओट्यावर चढली असती की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. हे सगळं खरं आहे. पण लग्न मोडलं असतं तर दुसरं जमलं असतं रे. कल्याणीला विचारलंस का तू, तिला काय हवं होतं? ती आता तुझ्या खोलीत बसून असते आणि म्हणते, माझ्या लग्नासाठी अप्पा गेले. तिच्या गळ्यात हे कायमचं अडकवून तू फोटोत हसतोयस. आणि लोक म्हणतात, कुणाला त्रास न देता गेला!

आठवड्याला शंभर जणांना आपण पटवायचो, लपवू नका, लवकर या, लवकर आलात तर काहीतरी करता येतं. तिरुवैयारुच्या त्या मृदंगवाल्या म्हाताऱ्याला तू तासभर हात धरून समजावलंस. तो जिवंत आहे. परवा तुझ्या शोकसभेला आला होता, रडत होता, माझ्यामुळं नव्हे, यांच्यामुळं मी आहे म्हणत होता. मला त्याचाही राग आला. इतकी खालची पातळी गाठलीय मी.

मी ती अट काढून टाकली. पान पुन्हा उघडलं. एकोणीस नावं. शेवटून चौथं, आर. सुंदरराव, चारशे सतरा, लाल रंगात, 'भेट बाकी'. मग त्या नावावर बोट ठेवलं आणि तिसरं पान उघडलं, माझं पान, मी बनवलेलं. तुझी निवड बरोबर पोचली होती.

कोणाला कळवायचं, या रकान्यात वहिनीचं नाव नव्हतं. माझं होतं. अंबुबाई, मैत्रीण, आणि माझा फोन नंबर. तो तू शिबिराच्या दिवशी भरलास, सगळ्यांसमोर हात पुढं करण्याआधी. आणि त्याच्या खाली, कळवलं का? होय.

मी उठून उभी राहिले. नालायक, म्हणाले, मोठ्यानं. सेल्वी पलीकडं बसली होती, ती धावत आली. "काय झालं अक्का?" मी तिला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "पण अक्का, हे नर्सनं भरायचं असतं. आम्ही तर कुणी भरलं नाही." भरणाऱ्याच्या जागी तुझ्याच नावाची अक्षरं होती. म्हणजे कागदावर मला आठ महिन्यांपूर्वीच कळलेलं आहे. वहिनीनं उद्या कुणाकडून हे पान वाचून घेतलं तर तिचंच म्हणणं खरं. मला वाटलं, मेल्यावरही याला माझ्यावर शेकवायचं होतं. मग मी तारीख बघितली.

वैकाशीतला तो दिवस मला ओळखीचा होता, कारण त्याच तारखेला मी वहीत 'दुर्लक्ष करावे' लिहिलं होतं.

मघाशी मी लिहिलं की तू म्हणालास, नाव दोनदा आलं असेल. ते तसं झालं नव्हतं. आठ महिने मी स्वतःला तसं सांगत आले, इतकं की परवापर्यंत मला तेच खरं वाटत होतं. त्या दिवशी आपण तिरुवैयारुहून शिबिर आटपून येत होतो, तू गाडी चालवत होतास आणि मी मागं. दुपारची वेळ. कावेरीला पाणी यायचं होतं अजून, पात्रात नुसती वाळू. पुलाअलीकडं टपरीपाशी तू गाडी थांबवलीस. एरवी थांबायचा नाहीस तू, घरी जाऊनच कॉफी पिऊ म्हणायचास. दोन कॉफी सांगितल्यास आणि तुझी तशीच ठेवलीस. मी वाटभर डोकं खाल्लं होतं तुझं, एकोणीस आणि अठरा, एकोणीस आणि अठरा, तुझ्या लिंकमध्ये चूक आहे, कबूल कर. तू टंबलरकडं बघत म्हणालास, "अंबू, तो एकोणिसावा आहे ना…"

आणि मी म्हटलं, "डुप्लिकेट असेल! आपल्या गल्लीत सुंदरराव काय कमी आहेत?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी हसत होते, कारण कोडं मीच सोडवलं होतं, आणि पुण्याहून परतलेली असले तरी गल्लीतली नावं माझ्याइतकी कुणाला माहीत असणार? मग तूही हसलास. "सरि," म्हणालास, बरं म्हटल्यासारखं. "तुज सगळं ठाऊक." गाडी सुरू केलीस. घरी पोचेपर्यंत मी तुला सांगत होते की डुप्लिकेट नावं कशी काढायची.

संध्याकाळी जाऊन तू ते 'होय' भरलंस.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, सुंदर. एकदा बोलणं मधेच तोडलं म्हणून माणूस आठ महिने गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं होतंस. माझं तोंड दाबून सांगायचं होतंस. एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही हा नियम तुझ्या नर्सांसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. मी तुला परत विचारायला हवं होतं, आणि तू मला परत सांगायला हवं होतंस, आणि आपण दोघंही आपापल्या टेबलाशी फार हुशार होऊन बसलो.

त्या 'होय'शेजारी बाण आहे. तो दाबला की 'नाही' निवडता येतं. पान माझं आहे, अधिकारही मला आहे. 'नाही' करून त्याचा कागद काढावा, वहिनीपुढं ठेवावा, कल्याणीकडून तिला वाचून दाखवावा, म्हणजे माझ्यासाठी त्या घराचं दार उघडेल, हे मला माहीत आहे. दोन दिवस मी ते पान उघडतेय आणि बंद करतेय. सेल्वीनं विचारलं, "अक्का, दुरुस्त करू का मी?" तिला नको म्हटलं.

तुझी ओळ यादीत राहील. एकोणीस ते एकोणीसच. 'होय' मी तसंच ठेवलंय.

उद्या बाराव्याला मी तुझ्या घरी जाणार आहे, बोलावलेलं नसताना. वहिनी परत तेच विचारेल आणि या वेळी मी देवाशपथ नाही म्हणणार नाही. तिच्यासमोर खाली बसेन आणि आपल्या भाषेत सांगेन, "वहिनी, तो मज सांगायला आला होता. मीच बोलत बसलें."